कोंबडी आत राहते, पण मुंगूस बाहेर राहतं का?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आमच्या शेजारी आक्का राहतात. गेल्या माघात त्यांच्या खुराड्यात एका रात्रीत अकरा कोंबड्या मेल्या. सकाळी दार उघडायला गेल्या तर रोजची फडफड नाही, कलकलाट नाही. आत अकराच्या अकरा जमिनीवर. दोघींची मुंडकी गायब, बाकीच्यांच्या मानेला दातांच्या खुणा, आणि खाल्ली म्हणावी अशी एकच. "खायाची हुती तर खायाची की! ही कसली रीत?" आक्का दिवसभर एवढंच म्हणत होत्या. गल्लीनं तासाभरात निकाल दिला: मुंगूस. त्यात एकानं भर घातली, "रक्त पिऊन गेलंय बघा, थेंब सांडलेला नाही."

दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. परसात पाच-दहा कोंबड्या पाळणारी निम्मी माणसं अशाच चुकीच्या आरोपीला धरून चुकीचा बंदोबस्त करतात आणि महिनाभरात पुन्हा कोंबड्या घालवतात. म्हणून आधी आरोपी कोण, ते बघू.

प्रत्येकाची पाळी ठरलेली

साखर कारखान्यात पाळ्या असतात तशा कोंबडीच्या शत्रूंच्याही असतात. मुंगूस पक्का दिवसपाळीचा. ऊन चढलं की बांधाबांधानं फिरतो, अंधार पडला की बिळात. त्यामुळे भर दुपारी तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, गायब झाली तर मुंगसावर संशय घ्या, रात्री दोन वाजता नव्हे. दिवसपाळीत आणखी कोण? पिल्लांवर झडप घालणारी घार, थेट अंगणात घुसणारा शिक्रा, अंडी आणि एक-दोन दिवसांची पिल्लं उचलणारा कावळा, आणि गावातली मोकाट कुत्री. कुत्र्यांची मात्र पाळी ठरलेली नाही, ती चोवीस तास कामावर.

रात्रपाळी वेगळी. रानमांजर, म्हणजे काही जण ज्याला बाऊल म्हणतात ते. उदमांजर, म्हणजे डोंगरपट्ट्यातला कांडेचोर. कोल्हा. साप. घुशी आणि उंदीर. शिराळा, पाटण, कराड भागात बिबट्याही, कारण चांदोली-कोयनेच्या जंगलातून खाली आलेला बिबट्या उसात नुसता लपत नाही, तिथे पिल्लंही घालतो.

कोण आलं होतं हे मागे राहिलेल्या खुणा सांगतात. एकच कोंबडी गेली, थोडी पिसं पडली, बाकी सगळ्या धडधाकट, तर रानमांजर किंवा कोल्हा उचलून घेऊन गेला असणार. सगळीकडे पिसं, फाटलेली जाळी, चावून टाकलेली धडं दिसली तर कुत्री. काहीच खूण नाही, फक्त अंडी किंवा पिल्लं कमी, तर साप, कारण तो अख्खं गिळतो. पिल्लू अर्धवट बिळात ओढलेलं असलं तर घूस. आणि मानेला चावा घेऊन बऱ्याच मारल्यात, खाल्ली एखादीच, वेळ रात्रीची, तर उदमांजर किंवा रानमांजर.

खात्री करायची असेल तर चुलीतली राख चाळून संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंद पसरा आणि सकाळी बघा. मांजराच्या पावलाला चार बोटं, नखं उमटत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात. कुत्र्याला चार बोटं आणि पुढे नखांचे ठिपके. उदमांजराची बोटं पाच. सीसीटीव्हीपेक्षा स्वस्त, आणि रात्री लाईट गेली तरी चालू.

मग अकरा कशाला मारल्या?

आक्कांचा प्रश्न खरा होता. भूक एकीची, मारल्या अकरा. जीवशास्त्रात याला 'अतिरिक्त शिकार' म्हणतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त मारणं. त्यात मस्ती नाही आणि सूडही नाही. शिकारी प्राण्याच्या डोक्यात 'फडफडतंय, पकड' अशी कळ असते. रानात तो एक पक्षी पकडतो तेवढ्यात बाकीचे भुर्रकन उडून जातात, कळ आपोआप बंद होते. खुराड्यात मात्र उडून जायला जागाच नाही. एक मारली की दुसरी फडफडते, दुसरी मारली की तिसरी. दाराची कडी कुणी सारखी वाजवत राहिलं तर आपण दर वेळी उठतोच ना, तसं. आवाज थांबेपर्यंत तो चावत राहतो.

रक्त पिण्याचं म्हणाल तर यातला कुठलाच प्राणी रक्त पीत नाही. मानेवरच्या एका चाव्यात कोंबडी मेली की हृदय थांबतं आणि रक्त बाहेर फारसं येत नाही. जे येतं ते पिसांत जिरतं. म्हणून धड कोरडं दिसतं.

यात कोंबडीची एक अडचण समजून घ्यायला हवी. तिला अंधारात जवळजवळ दिसत नाही. तिचे पूर्वज रानकोंबडे, ते रात्री झाडाच्या फांदीवर बसायचे. उंचावर बसायचं आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही, हीच त्यांची सुरक्षा. आपण तिला फांदीवरून उतरवून जमिनीवरच्या खोक्यात कोंडलं, पण अंधारात गप्प बसायची तिची सवय तशीच राहिली. म्हणजे खुराड्यात शिरलेल्याला, मग तो चार पायांचा असो की दोन, कोंबडी हाताला लागेल तशी मिळते.

जाळी कुणासाठी लावली होती?

आक्कांच्या खुराड्याला जाळी होती. षटकोनी भोकांची, पातळ तारेची, बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळते तीच. तिच्या नावातच सगळी गोम आहे. ही जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. गोठ्याच्या तोंडाला आडवा बांबू टाकला की म्हैस थांबते, पण चोर थांबतो का? तसंच. कुत्रं ही तार दातानं ओढून फाडतं. उंदीर, मुंगूस तिच्या मोठ्या भोकातून थेट आत येतात. रानमांजर बाहेरून पंजा घालून जाळीला चिकटून बसलेल्या कोंबडीचा पाय धरतं.

त्याऐवजी वेल्डमेश घ्या. जिथे तारा एकमेकींना भेटतात तिथे त्या वितळवून जोडलेल्या असतात, चौकोनी भोकाची ताठ जाळी. भोक अर्धा इंच. एवढं बारीक कशाला, असं दुकानदार विचारेल. कारण साधा नियम आहे: जिथून डोकं जातं तिथून बारीक अंगाच्या जनावराचं उरलेलं शरीर जातं. उंदराला पाऊण इंचाची फट पुरते. लहान मुंगसाला जेमतेम दीड-दोन इंच. तुमची मूठ आत जात असेल त्या प्रत्येक फटीतून काही ना काही आत येऊ शकतं, असं धरून चाला.

सगळं खुराडं वेल्डमेशनं मढवायची गरज नाही. खालचा अडीच-तीन फुटांचा पट्टा आणि खिडक्या तिनं झाका, वरच्या भागाला जुनी जाळी दुहेरी करून चालते, मात्र छपराशी फट ठेवू नका, कारण उदमांजर उत्तम चढतं. आणि भीतीपोटी चारी बाजूंनी पत्रे ठोकून घेऊ नका. सांगलीच्या मे महिन्यात त्या डब्यात कोंबड्या उकडून मरतील आणि विष्ठेच्या अमोनियाच्या वासानं उरलेल्यांचे डोळे जातील. हवा खेळती हवीच.

बसायची दांडी जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, जाळीपासून हातभर आत. दाराला नुसती सुतळी किंवा कडी नको, कडी आणि तिच्यात खिळा किंवा कुलूप. नाकानं ढकलून, पंजानं ओढून कडी उघडणारी जनावरं असतात. आक्कांच्या खुराड्यात मागचा कोपरा सुतळीनं बांधलेला होता. पावसात कुजलेली ती सुतळी वरून ठीक दिसत होती. आत येणारा तिथूनच आला, तारेला दोन-चार राखाडी केस अडकले होते.

जमिनीखालून येणारे

कोल्हा, कुत्रं, घूस, मुंगूस भिंतीशी उकरतात. यावर लोक दोन फूट खोल पाया घेतात. चांगलंच आहे, पण खर्च आणि कष्ट दोन्ही. त्याहून सोपा उपाय जनावराच्या स्वभावातच आहे. नाक ज्या जागी भिंतीला टेकतं, तिथेच ते उकरायला लागतं. दीड फूट मागे सरकून बोगदा काढावा एवढं गणित त्याला जमत नाही. म्हणून जाळी भिंतीखाली उभी गाडण्याऐवजी तळापासून बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरा, चार बोटं माती टाका, वर दगड ठेवा. साडीचा घोळ जमिनीवर पसरलेला असतो ना, तसा. उकरायला गेलं की पंजा तारेवर. दोन-तीन रात्री प्रयत्न करून नाद सोडतं.

सापाला वाट दाखवतो कोण?

कोंबडीच्या खुराड्यात साप निघाला की लोक गंधक टाकतात, फिनेल ओततात, लसूण ठेचून ठेवतात. यानं साप थांबतो याला भरवसा नाही. साप कोंबड्यांच्या वासानं कमी आणि उंदरांच्या मागानं जास्त येतो. आणि उंदीर कशासाठी येतात? संध्याकाळी सांडलेल्या ज्वारी-मक्यासाठी. म्हणजे साखळी अशी: सांडलेलं धान्य, त्यामागे उंदीर, त्यामागे धामण, नाग किंवा घोणस. धामण बिनविषारी, पण नाग आणि घोणस काय आहेत हे बत्तीस शिराळ्याच्या पट्ट्यात मी कुणाला शिकवायला नको. साखळीची पहिली कडी तुमच्या हातात आहे. दाणा दिवसाच टाका, संपेल एवढाच, रात्री भांडं आत घ्या, पोती पत्र्याच्या डब्यात. अंडी रोज संध्याकाळपर्यंत उचला. आणि अंधारात अंडी काढायला हात घालायचा नाही, आधी बॅटरी मारायची. खुडूक कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवली असेल तर तिच्या टोपलीत तर मुळीच नाही.

दिवसाच्या घारी-शिक्र्यांसाठी जुना उपाय अजून सर्वात चांगला: पिल्लांची आई बांबूच्या डालग्याखाली, किंवा पिल्लं महिन्या-दीड महिन्याची होईपर्यंत वरून जाळी. मासे पकडायची जुनी जाळी मिळाली तर उत्तम. मोकळ्या अंगणात एखादं झुडूप, आडवं टाकलेलं उसाचं पाचट एवढंही पिल्लांना लपायला पुरतं.

"पूर्वी कोंबड्या झाडावर बसायच्या, तेव्हा कुठे जाळ्या होत्या?"

हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. देशी कोंबडी हलकी, संध्याकाळी उडून आंब्याच्या फांदीवर जायची. आज परसात गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती आहेत. गिरिराज बंगळूरच्या विद्यापीठानं काढलेली, वनराज-ग्रामप्रिया हैदराबादच्या संशोधन संस्थेच्या. गिरिराज-वनराज अंगानं भरल्या की फांदीवर काय, कट्ट्यावर चढताना धापा टाकतात.

दुसरा फरक उसाचा. गावाभोवती वर्षभर उभा ऊस म्हणजे जनावरांची घनदाट वसाहत. साधारण दिवाळीनंतर तोडणी सुरू होते आणि चार-पाच महिने रोज कुणाचं ना कुणाचं घर मोडतं. फड तुटला की त्यातलं रानमांजर, कोल्हा, कधी बिबट्याची मादी पिल्लांसह शेजारच्या फडात किंवा वस्तीकडे सरकते. आक्कांच्या मागच्या दोन एकरांचा ऊस घटनेच्या आठच दिवस आधी तुटला होता. ज्या आठवड्यात शेजारचा फड तुटेल, त्या आठवड्यात खुराडं जास्त जपा, एवढं तरी कॅलेंडरवर लिहून ठेवायला हरकत नाही.

"मारूनच टाकलं तर? नाहीतर करंट सोडू."

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही. फासकी लावणं, विष घालणं, सापळ्यात धरणं, सगळं शिकारीतच येतं. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, बिबट्या हे सगळे या कायद्याखाली आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी फायदा नाही. एक मारला की ती हद्द रिकामी होते आणि काही दिवसांत दुसरा येतो, भोक तर तिथेच असतं. विष घातलेलं मांस पहिल्यांदा तुमचंच कुत्रं खातं. आणि मुंगूस गेला की घुशी वाढतात.

करंटचं तर नावच काढू नका. घरच्या विजेचा २३० व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो. हात चिकटला की सुटत नाही. बांधावर रानडुकरासाठी सोडलेल्या अशा तारेनं माणसं मेली आहेत, आणि मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचं यंत्र ही वेगळी वस्तू आहे. ते सेकंदाला एकदा, क्षणभराचा झटका देतं आणि मधल्या वेळात तार मोकळी असते, त्यामुळे चटका बसतो पण हात सोडवता येतो. असं कुंपण करायचं तर प्रमाणित यंत्रच घ्या, गल्लीतल्या वायरमनचा जुगाड नको.

बिबट्याचं भय असलेल्या वस्तीवर खुराडं घराला लागून, दिव्याच्या उजेडात घ्या, आणि रात्री गलका झाला तर काठी घेऊन एकट्यानं बाहेर पडू नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. पिंजरा लावायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं असतं.

कुत्रा पाळलाय, मग काय चिंता, असंही म्हणतात. कुत्रा घंटेचं काम करतो, भिंतीचं नाही. आणि बिबट्याच्या भागात कुत्रा हेच आमिष ठरतं.

दोन पायांचा चोर

जनावर फट शोधतं, माणूस सवय शोधतो. तुम्ही किती वाजता झोपता, कुत्रं कुणाला ओळखतं, लग्नाला घरदार कधी जातं. अंधारात कोंबडी ओरडत नाही हे त्याला माहीत असतं, पोतं घेऊन येतो आणि दांडीवरून वांगी तोडल्यासारख्या उचलतो. वेळा ओळखीच्या आहेत: आखाडातल्या जेवणावळी, गटारी, गावोगावच्या जत्रा, जेव्हा गावरान कोंबडीला मागेल तो भाव मिळतो. चोरलेली कोंबडी दुसऱ्या दिवशीच्या आठवडी बाजारात खपते, किंवा त्याच रात्री रश्श्यात.

इथे उपयोगी पडतो तो आवाज आणि उजेड. हालचालीनं लागणारा सेन्सरचा दिवा जनावराला आठवड्यात सवयीचा होतो, माणसाला होत नाही. दाराला आतून डबे बांधा, पत्रा सरकताना वाजेल असा ठेवा. कुलूप लावाच. कोंबड्यांच्या पायात रंगीत कडी घाला आणि फोनवर फोटो काढून ठेवा. बाजारात 'ही माझी' म्हणताना पुरावा लागतो, आणि तांबडी कोंबडी तर प्रत्येकाचीच असते.

  

पोलिसांत जाऊन काय होणार?

थोडं काहीतरी होतं, पण आकडा महत्त्वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. अदखलपात्र म्हणजे पोलीस नोंद करून घेतात, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. चोर पहिल्यांदाच सापडला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते.

आता गणित करा. कोंबडी पाचशेची धरली तर आठ कोंबड्या चार हजारांच्या, अकरा साडेपाच हजारांच्या. आठ गेल्या तर नुसती नोंद, अकरा गेल्या तर दखलपात्र. म्हणून तक्रार देताना 'काही कोंबड्या' लिहू नका. किती, कुठल्या जातीच्या, अंड्यावरच्या किती, भाव काय, पाण्याचं भांडं आणि कुलूपही नेलं असेल तर तेही लिहा. खोटं फुगवू नका, पण खरं कमीही सांगू नका. घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं, सात वर्षांपर्यंत, तिथे पाच हजारांची अट नाही. परसातलं खुराडं 'इमारत' ठरतं का, हा वकिलाला चहा पाजून विचारायचा प्रश्न. कोंबड्या पडवीतून गेल्या की अंगणातून, हे मात्र तक्रारीत स्पष्ट लिहा. चोर अजून परसात असेल तर ११२.

एवढा खर्च कोंबडीपायी?

आक्कांनी फागणात खुराडं दुरुस्त केलं. जुनीच चौकट, खाली वेल्डमेशचा पट्टा, बाहेर आडवी जाळी, वर घरामागे पडलेले विटांचे तुकडे. पैसे दोन-अडीच कोंबड्यांच्या किमतीइतके गेले. सुतळी काढून तार पिळली. नव्या सहा तलंगा आणल्या आणि त्या संध्याकाळी मी त्यांना राख पसरायला लावली. "आमच्या चुलीची राख एवढ्याचसाठी ठिवली हुती व्हय," म्हणत त्यांनी पसरली.

सकाळी बघितलं तर राखेत पाच बोटांची पावलं. खुराड्याला पूर्ण एक फेरी, मग जुन्या कोपऱ्याशी बराच वेळ, तिथे राख नुसती चिवडलेली, विटांचे दोन तुकडे हललेले. मग सरळ एक ओळ तुटलेल्या फडाच्या बांधाकडे. आत सहाच्या सहा जणी दांडीवर बसलेल्या होत्या, त्यातली एक अंडं घालायच्या बेतात.